कमरेइतकी माती

सहा फूट बाय तीन,
उंची माझ्या कमरेला लागेल एवढी.
शहाबादी फरशीचे तुकडे उभे लावून
गफूर मिस्त्रीनं चार दिवसांत वाफा बांधला,
तेव्हा गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकानं
सायकल जराशी हळू केली.
शेवटी चक्कीवाल्या दशरथनं विचारलंच,
सिस्टर, समाधी कुणाची?
म्हटलं, गुडघ्यांची.

छत्तीस वर्षं वाकले.
सेलूपासून वालूरपर्यंत, खाटांवर, बाजांवर,
एकदा तर घरात रचलेल्या कापसाच्या ढिगावर,
टॉर्च दातात धरून.
आता डॉक्टर म्हणतात, जमिनीवर बसायचं नाही.
मग जमिनीलाच म्हटलं,
तूच ये बाई वर.

नुसती काळी माती भरली
तर उन्हाळ्यात तोंड वासते,
पावसाळ्यात पाय सोडत नाही.
म्हणून तिच्यात दुधनेची वाळू,
शेणखत, सोयाबीनचं भुसकट,
आणि मिस्त्रीच्या शेळ्यांच्या दोन पाट्या लेंड्या,
ज्या त्यानं हिशेबात धरल्या नाहीत.

नळ आठव्या दिवशी येतो.
तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
सगळं वाफ्याच्या वाट्याचं.
आरओच्या नळीतून वाया जाणारंही घालून पाहिलं.
गाजरं काही बोलली नाहीत.
लेट्यूसच्या कडा मात्र
इस्त्री लागल्यासारख्या करपल्या.

लेट्यूसचं बी भाच्यानं पुण्याहून पाठवलेलं.
पाकिटावर हिरव्या झालरीचा फोटो,
आणि नवल म्हणजे उगवलंही तसंच.
हाजराबीनं भिंतीवरून हात घालून पान खुडलं, चावलं,
चव यायची थोडा वेळ वाट पाहिली.
म्हणाली, ये तो निरा पानी है, सिस्टर.
मी वर दाण्याचं कूट टाकलं, मीठ, हिंगाची फोडणी.
मग लेट्यूस कुठं दिसेना,
पण वाटी पुसून परत आली.

मुळ्याची विरळणी मला जमत नाही.
चार बोटांवर एक रोप ठेवायचं, मधली उपटायची,
पुस्तकात एका ओळीत आहे.
मी बोटं घालते आणि तिथंच थांबते.
उपटली तर सगळी त्याच दिवशी
भाकरीबरोबर खाऊन टाकते,
म्हणजे ती कुठं गेली
ते मला माहीत असतं.

कपाटात झोळीचा काटा आहे,
पाच किलोचा, आकडे पुसट.
केंद्र सोडताना कुणी मागितला नाही,
मीही आठवण केली नाही.
पहिला मुळा त्यात टांगला.
एकशे नव्वद.
माझं मलाच हसू आलं, तरी वहीत लिहिलं:
तारीख, वेळ, रंग चांगला.
खाली, काकडी. कमी दिवसांची, जरा वाकडी, ठीक.
टमाटे. जुळे, पाठीला चिकटलेले.

सोमवारी जिंतूरहून सारिका आली,
कापसाच्या ढिगावरची ती,
आठवा लागलेला.
वाफ्यापाशी उभी राहिली,
उभ्या उभ्याच एक गाजर उपटलं,
ओढणीला पुसलं आणि कडाकडा खाल्लं.
धुऊन खा गं, मी ओरडले.
ती म्हणाली, सिस्टर, हे बरंय,
पोट आडवं येत नाही.
मग दुसरं उपटलं.

फेब्रुवारी सरता सरता लेट्यूसनं दांडा काढला,
कडू झालं, शेळ्यांना दिलं.
त्या रिकाम्या कोपऱ्यात
आता पाथरी पसरली आहे.
कुणी पेरली नाही. मातीबरोबर आली असेल,
किंवा लेंड्यांबरोबर.
पान तोडलं की बोटाला पांढरा चीक.
हाजराबीनं या वेळी विचारलं नाही,
घरून कांदा आणि शिळी भाकरी घेऊनच आली.

वहीत नोंद:
पाथरी. आपोआप.
वजन घेतलं नाही.